गाडीवरची धूळ : एक कबुली

आमच्या घरी चारचाकी गाडी येईल असे माझ्या पत्रिकेत कोठेही लिहिलेले नव्हते. तेहेतीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली. त्यांतली निम्मी सायकलवर गेली आणि निम्मी स्कूटरवर. सीताबर्डीवरच्या, म्हणजे आम्हां नागपूरकरांच्या बर्डीवरच्या, मोदीच्या गल्लीत ज्याचे आयुष्य गेले त्याला गाडीची गरजही फारशी पडत नाही. भाजी चार पावलांवर, फुलबाजार दहा पावलांवर आणि टेकडीचा गणपती सकाळच्या फेरफटक्याच्या अंतरावर. परंतु गेल्या दोन वर्षांत सौ.च्या गुडघ्यांनी संप पुकारला. रिक्षात चढणे तिला जमेना, तेव्हा आमच्या थोरलीने आपल्या पगारातून पैसे बाजूला टाकून गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर गाडी आणून दारात उभी केली. रंग काळा. असा काळा की बॉनेटमध्ये पाहून भांग पाडावा!

थोरली नोकरीच्या गावी परत निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, आईला डॉक्टरकडे नेण्यासाठी ही गाडी आहे. पण लाड मात्र तुम्हीच करणार तिचे, हे मला ठाऊक आहे."

आणि खरोखरच मी लाड केले. त्या लाडांचीच ही हकीकत आहे. वाचकहो, आपणांपैकी ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना तिच्यातून चार उपयोगाच्या गोष्टी मिळतील. ज्यांच्या दारात नाही त्यांनाही एखादी मिळावी, कारण ही हकीकत केवळ गाडीची नाही.

दसऱ्याची सकाळ

आमच्या इमारतीच्या तळाशी खांबांच्या मधल्या जागेत आठ-दहा गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या काही धुण्याचे काम एक कॉलेजात शिकणारा मुलगा करतो. आठवड्यातून दोनदा तो पहाटे बादली घेऊन येई आणि साडेसातच्या आत हात धुऊन कॉलेजला पळे. आमची धरून चार गाड्या त्याच्याकडे होत्या. महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या त्या पैशांवर त्याची फी आणि बसचा खर्च भागे.

मधल्या दिवशी गाडीवर जी धूळ बसे, ती पुसण्याचे खाते मी माझ्याकडे ठेवले होते. रोज सकाळी चहा झाला की जुन्या धोतराचे मऊसूत फडके घेऊन मी खाली उतरे. बॉनेट, दारे, डिकी सगळे गोल गोल हात फिरवून लख्ख करी. येणारेजाणारे म्हणत, "काय चमकते हो गाडी!" मग माझ्या हाताला आणखी जोर चढे.

दसऱ्याला मी फुलबाजारातून झेंडू आणला, सौ.ने हार केला. आम्ही गाडी गल्लीत उन्हात काढली. ऑक्टोबरातले तिरपे ऊन बॉनेटवर पडले आणि माझ्या हातातला हार हातातच राहिला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखड्यांचे जाळे पसरले होते! मान डावीकडे नेली की जाळेही डावीकडे सरके. दारांवर तेच, डिकीवर तेच. सहा महिन्यांची गाडी, आणि रंग असा जणू कोणी तारेच्या घासणीने घासला आहे!

माझे डोके फिरले. कोणाला विचारले नाही, शोधले नाही. गाडीला घासणी लावणारा दुसरा कोण असणार? मुलाला बोलावले आणि चार लोकांसमोर म्हणालो, "तू घाणेरड्या फडक्याने गाडी घासलीस. उद्यापासून येऊ नकोस."

तो म्हणाला, "आजोबा, मी नाई घासली." एवढेच. मग बादली उचलून निघून गेला. मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. परंतु संध्याकाळी सोने द्यायला ज्या ज्या बिऱ्हाडी गेलो तेथे आपट्याच्या पानांबरोबर ही बातमीही वाटली. आठवड्याभरात त्याच्या उरलेल्या तिन्ही गाड्या गेल्या.

मिस्त्रींची तपासणी

रंगाचे काही करता येते का हे विचारायला मी गाडी सदरकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. आपल्याकडे गाड्या रंगविणाऱ्याला अजूनही ड्युकोवाला म्हणतात. ड्युको हे मूळ एका रंगाचे नाव. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने हा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला. तत्पूर्वी एका गाडीचे रंगकाम वाळता वाळता आठवडे लागत. तो रंग मागे पडला, पण नाव मात्र आपल्या गॅरेजांच्या पाट्यांवर राहून गेले.

मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलणे अस्सल इकडचे. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, हातातल्या दिव्याचा झोत इकडेतिकडे टाकला आणि विचारले, "काकाजी, गाडी कोन पुसते?"

मी मुलाची सगळी कहाणी सांगितली. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी एक स्टूल आणले, त्यावर मला उभे केले आणि दिवा टपाच्या मध्यावर धरला. "आता पाहा. इथं काऊन नाई?"

टपाचा मधला भाग आरशासारखा स्वच्छ होता. जाळे नाही, ओरखडा नाही.

"पोट्टा टप धुते का?"

"धुतो ना. स्टुलावर उभा राहून धुतो."

"आन् तुम्ही पुसता का टप?"

मी उत्तर दिले नाही. माझा हात तेथवर पोचतच नाही! टपाच्या कडेपासून आत वीतभर, जेथवर माझा हात जातो, तेथवर ओरखडे होते. त्याच्या पुढे एकही नव्हता. मुलाने संपूर्ण गाडी धुतली होती आणि मी हात पोचेल तेवढीच पुसली होती. ओरखड्यांची हद्द आणि माझ्या हाताची हद्द एकच होती.

स्टुलावरून उतरताना आणखी एक गोष्ट आठवली आणि पाय लटपटले. मे महिन्यात एके सकाळी तो मुलगा मला म्हणाला होता, "आजोबा, कोरडं नका पुसू, रंग खराब होते." त्यावर मी त्याला म्हणालो होतो, "तू तुझे काम कर."

धुळीचे कुलशील

"पण मिस्त्री," मी म्हणालो, "फडके तर लोण्यासारखे मऊ आहे!"

"काचकागदाचा कागद बी मऊच असते," ते म्हणाले. "कापते ते वरची रेती."

त्यांनी एक जुनी सीडी काढली, माझ्याच फडक्यावर गाडीच्या खालच्या पट्टीवरची धूळ घेतली आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर दोनदा फिरविली. बॉनेटवरचे जाळे जसेच्या तसे सीडीवर उमटले. वाचकांनी हा प्रयोग घरी जरूर करून पाहावा. मुलांनाही गंमत वाटेल.

धूळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिठासारखे काहीतरी मऊ येते. वस्तुतः ती दगडांची भुकटी असते. त्यातून नागपूरच्या धुळीचे कुळ फार खणखणीत! सीताबर्डीची टेकडी, जिच्यावर १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती काळ्या बेसाल्टची. पश्चिमेकडून पसरत आलेला हा काळा खडक नागपूरच्या आसपास संपतो आणि पूर्वेकडे त्याहून पुष्कळ जुने खडक लागतात. त्यांत गारगोटीचा अंश भरपूर. घरे बांधायला आपण जी कन्हानची रेती वापरतो ती बहुतांशी गारगोटीचेच कण होत. त्यात उत्तरेकडच्या कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या कोळशाची राख, वाहनांची काजळी आणि टायरांचा कीस यांची भर पडते. बर्डीवर तर मेट्रोचे खांब उभे राहात होते त्या वर्षांत आम्ही पापडसुद्धा गच्चीवर वाळत घातले नाहीत. मार्च २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, पण शहरात कोठे ना कोठे खोदकाम चालूच असते.

आता कठीणपणाचा हिशेब पाहा. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी मोह्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८१२ साली एक ते दहा अशी फूटपट्टी ठरविली. हिरा दहावर. आपले नख अडीचच्या आसपास, खिडकीची काच साडेपाच आणि गारगोटी सात. म्हणजे जी धूळ काचेवरही रेघ ओढू शकते तीच मी रोज सकाळी गोल गोल फिरवून रंगात रगडीत होतो!

रंगाचे पापुद्रे

दुसरी बाजू रंगाची. आजच्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत चार थर असतात : गंज रोखणारा, त्यावर अस्तराचा, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा चमकीचा. चारही मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. त्यांतला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या चमकीवर आपण भाळतो ती एका केसापेक्षाही पातळ असते.

ओरखडे काढता येतात का? येतात. पॉलिशच्या यंत्राने त्या पारदर्शक थराचा वरचा भाग घासून ओरखड्याच्या तळाशी आणायचा. परंतु असे केले म्हणजे ओरखडा भरून येतो असे नव्हे. त्याच्या आजूबाजूचा थर खाली जातो. दर वेळी थोडी चमक खर्ची पडते. एकदा-दोनदा ठीक, दर दिवाळीला करू म्हटले तर एक दिवस थरच संपतो आणि मग ऊन रंगाला खाते.

येथे मी एक शंका काढली. आमच्या कचेरीत ॲम्बॅसडर होती. ड्रायव्हर पंचवीस वर्षे पिवळे फडके खांद्यावर टाकून तिला दिवसातून चारदा झटकी. तिला काही झाले नाही, ते कसे? मिस्त्री हसले. ती गाडी पांढरी होती. पांढऱ्या रंगावर ओरखडे असतात, पण दिसत नाहीत. काळा रंग मात्र एकही लपवीत नाही. शिवाय त्या काळच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. जाड रंगच कंपाउंड लावून दरवर्षी घासून घेत. ती ॲम्बॅसडर निघणे २०१४ साली बंद झाले, परंतु तिचे पिवळे फडके मात्र आपल्या खांद्यांवर अजून तसेच आहे.

जाळे गोल का दिसते, हेही त्यांनीच समजाविले. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडलेले असतात तेवढेच चमकून आपल्या डोळ्यांत येतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळे भासतात. घासलेल्या स्टीलच्या ताटात दिव्याखाली हेच दिसते. आणि म्हणूनच हात गोल फिरवू नये. सरळ रेषेत पुसताना एखादा ओरखडा पडलाच तर तो एका बाजूनेच दिसतो. गोल फिरविलेला सगळीकडून दिसतो.

मग पुसावी तरी कशी?

आता कामाची गोष्ट. रोज गाडी धुणे आपल्याला परवडणारे नाही. नळी लावून धुतली तर शंभरावर लिटर पाणी सहज वाहून जाते. २०१९ च्या जुलैत पेंचचे पाणी आटले तेव्हा या शहराला एक दिवसाआड पाणी मिळत होते, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. बोअरच्या पाण्याने धुतल्यास पाणी वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, ते वेगळेच. तेव्हा दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांत धूळ काढायची कशी, याची रीत शिकलेली बरी. मिस्त्रींनी सांगितलेली आणि मी आता पाळीत असलेली रीत अशी :

पहिली गोष्ट, हात लावण्याआधी पाहावे. धूळ सुटी आहे की चिकटलेली? गाडी कोरडी आहे की दवाने ओली? दिवाळीच्या सुमारास पहाटे दव पडते. दव आणि धूळ मिळून चिखल होतो आणि तो वाळला की चिकटून बसतो. ओलसर गाडीवर कसलाही झटकणा फिरवू नये. ऊन खात उभ्या असलेल्या गाडीवरही नको. सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच हे काम करावे.

दुसरी, गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली असेल तर ती झटकण्याची वेळ टळली असे समजावे. तेथे पाणीच हवे. आणि मुलांना गाडीवर नाव लिहू देऊ नये. बोटाखाली तीच रेती असते. धूळ निघून गेली तरी नाव उन्हात दिसत राहते.

तिसरी, जी धूळ वाऱ्याने जाईल तिला हात लावू नये. बॅटरीवर चालणारे लहान ब्लोअर आता मिळतात. त्याने काचेच्या कडा, आरसे, दारांच्या फटी येथली सुटी धूळ आधी उडवावी. तेवढे कण फडक्याखाली यायचे वाचतात.

चौथी, झटकणा. सुती धाग्यांच्या झुबक्याला पॅराफिनचे मेण पाजलेले झटकणे मिळतात. त्या मेणाला धूळ चिकटून धाग्यांत वर ओढली जाते. याचे सगळे रहस्य हलक्या हातात आहे. झटकण्याच्या स्वतःच्या वजनाखेरीज गाडीवर कसलाही भार पडता कामा नये. मोरपीस फिरवावे तसा तो एका दिशेने, सरळ, टपापासून खाली फिरवावा. पुढेमागे घासू नये. एक भाग झाला की गाडीपासून दूर जाऊन दोनदा झटकावा. दारांच्या खालच्या तिसऱ्या भागाला आणि चाकांच्या कमानींना तो लावूच नये. तेथे रस्त्यावरची खडी आणि डांबराचे ठिपके असतात. ते झटकण्यात अडकले की पुढच्या वेळी बॉनेटवर नांगर चालतो. नवा झटकणा एक-दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावा. जादा मेण कागद पितो. एरवी काचेवर तेलकट पट्टे उठतात. आणि तो जमिनीवर पडला तर पुन्हा गाडीला लावू नये.

पाचवी, आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्याचे धुणे. यासाठी न खळाळता धुण्याचे एक द्रावण मिळते. साधारण आठ लिटर पाण्यात तीस मिलिलिटर, किंवा बाटलीवर लिहिले असेल तेवढे. या द्रावणाने धुळीचा कण ओला होऊन निसरडा होतो आणि रंगावरून अलगद सुटतो. तेच पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून आधी एकेका भागावर फवारावे, मिनिटभर थांबावे आणि मग ओल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने सरळ रेषेत पुसावे. फडक्याची चौपदरी घडी घातली की दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पाने होतात. एक पान एकाच भागाला वापरावे आणि उलटावे. मळलेले फडके पुन्हा बादलीत बुचकळू नये, बाजूला टाकावे. पाठोपाठ दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. एका गाडीला सहा-सात फडकी लागतात, पण पाणी मात्र एकाच बादलीत भागते. चिखल उडालेला असेल तर मात्र आधी पाण्याची धार हवीच.

फडक्यांची निगा गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण बहुधा ती त्यांच्याच बादलीत जातात. मायक्रोफायबरचे तंतू केसाहून कितीतरी पटींनी बारीक आणि चिरलेले असतात. त्या चिरांत धूळ जाऊन बसते. हे फडके सुती कपड्यांबरोबर धुतले तर सुताचा कीस त्यांत भरतो, कपडे मऊ करणाऱ्या औषधात बुडविले तर चिरा बुजतात आणि कडक इस्त्री केली तर तंतू वितळतात. वेगळे धुवावे, झटकून सावलीत वाळवावे, डबा लावून ठेवावे.

आता काही निषेध. पाण्यात घासलेट टाकून गाडी पुसण्याची जुनी खोड सोडावी. क्षणभर चकाकते, पण तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते आणि मेणाचे संरक्षण जाते. कपड्यांची पावडरही मेण काढून टाकते. पक्ष्याची विष्ठा दिसताच काढावी, पण घासू नये. ती आम्ल असते, नागपूरच्या उन्हात काही तासांत रंगावर कायमचा डाग कोरते. ओले फडके पाच मिनिटे तिच्यावर ठेवावे आणि मग अलगद उचलून घ्यावे. आंब्याखाली गाडी उभी केली तर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यालाही हाच उपाय. आणि धुळीने माखलेल्या गाडीवर आवरण घालू नये. वारा सुटला की ते आवरण रात्रभर माझ्या धोतराच्या फडक्याचे काम करीत राहते!

कबुली

मिस्त्रींनी ओरखडे निम्म्याने कमी करून देतो म्हटले. पूर्ण काढायचे तर थर फार जाईल, म्हणाले. मी बरे म्हटले. गाडीचा प्रश्न तेवढ्यावर मिटला. दुसरा उरला होता.

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच आता सांगायला हवे."

वसुबारसेच्या संध्याकाळी मी प्रथम मुलाच्या घरी गेलो. तो जमिनीवर वही उघडून बसला होता. मला पाहून उठला. मी म्हणालो, "बाळ, ओरखडे माझ्या हातचे होते. तू मला मेमध्येच सांगितले होतेस. चूक माझी झाली." मोठ्या माणसाने असे बोलल्यावर काय करावे हे त्याला कळेना, मलाही पुढे सुचेना. त्याच्या आईने पाणी आणले. शेवटी तोच म्हणाला, "जाऊ द्या, आजोबा. टप पाहिला का तुम्ही? टपाले काईच नाई झालं." त्याने दसऱ्यालाच टप पाहिला होता! परंतु बर्डीवरच्या एका म्हाताऱ्यापुढे, चार लोकांत, हे बोलायला त्याला जागा कोणी दिली होती?

दुसऱ्या दिवशी मी ज्या तीन बिऱ्हाडी बातमी वाटली होती तेथे पुन्हा गेलो. हे जिने दसऱ्याला चढलो होतो तेव्हा इतके उंच वाटले नव्हते. दोघांनी त्याला परत बोलाविले. तिसऱ्यांनी मधल्या काळात दुसरा माणूस ठेवला होता आणि त्याचीही दिवाळी होतीच. त्याला काढा असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणजे चार गाड्यांच्या तीन झाल्या. चौथीचे महिन्याचे पैसे, त्याला दुसरी गाडी मिळेपर्यंत, मी माझ्या पेन्शनीतून देतो. प्रथम तो घेईना. तेव्हा मी त्याला म्हणालो की ही मदत नव्हे, ही माझी शिकवणीची फी आहे. मग त्याने घेतले, पण अट घातली. आठवड्यातून एक दिवस गाडी मी त्याच्यासमोर पुसायची.

तशी ती मी आता पुसतो. रविवारी सकाळी तो टप करतो आणि मी बाकीचे करतो. माझा हात गोल फिरू लागला की तो शेजारून म्हणतो, "आजोबा, सरळ." आणि मी हात सरळ करतो.

बॉनेटवरचे उरलेले जाळे तिरप्या उन्हात अजून दिसते. थोरली दिवाळीला आली आहे. तिने ते पाहिले आणि विचारले, "बाबा, हे कोणी केले?" मी तिला सगळे सांगितले, अगदी आपट्याच्या पानांपासून. ऐकून ती जिन्याखाली गेली आणि जुन्या धोतराचे ते फडके शोधून घेऊन आली. म्हणाली, "हे आता पणत्या पुसायला ठेवू या."

मातीच्या पणत्यांना ओरखड्यांचे भय नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सौ.ने त्याच फडक्याने सगळ्या पणत्या पुसून घेतल्या.